समुद्राकडे पाठ करून

पाणी दिसलं की अंबडचा माणूस आधी विचारतो, हे कुणाचं, कधी सुटतं आणि किती दिवसांआड. मत्स्योदरीच्या पायथ्याशी वाढलेल्यांची ही खोड जात नाही. आमची देवी माशाच्या आकाराच्या डोंगरावर बसलेली आहे, पण तो मासा आयुष्यभर कोरड्यावर. अशा गावच्या माणसानं अंबडहून एसटीनं जालना, तिथून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस असा प्रवास करून नरिमन पॉइंटच्या टोकाला उभं राहावं आणि एवढं पाणी नुसतं बघण्यासाठी ठेवलेलं पाहावं, म्हणजे जिवाची घालमेल ठरलेलीच.

त्या टोकाला एनसीपीए हे संगीत-नाटकाचं केंद्र आहे. ही जमीनही भराव घालून समुद्राकडून काढून घेतलेली. पाण्याकाठच्या नाट्यगृहाचं नाव निघालं की लोकांना सिडनीचं ऑपेरा हाऊस आठवतं. ती पांढरी शिडं कॅलेंडरावर छापून छापून आपल्या घरची झालीत. ते बांधायला १४ वर्षं लागली आणि खर्च ७० लाख डॉलरवरून १० कोटींच्या वर गेला. वास्तुविशारद यॉर्न उटझन १९६६ मध्ये काम सोडून निघून गेले आणि पुरी झालेली इमारत पाहायला पुन्हा कधी फिरकलेच नाहीत. तिथल्या मोठ्या सभागृहात आवाज नीट लागत नाही, अशी कुरकुर मात्र वर्षानुवर्षं चालली. शेवटी मोठी दुरुस्ती झाली आणि २०२२ मध्ये ते पुन्हा उघडलं. डोळ्यांचं आधी भागलं, कानांना जवळपास पन्नास वर्षं थांबावं लागलं.

एनसीपीएचं टाटा थिएटर याच्या अगदी उलट. बाहेरून त्याचा फोटो काढावा असं फारसं कुणाला वाटत नाही. शेजारच्या उंच हॉटेलांपुढे ते अंग चोरून बसलेलं. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. आराखडा फिलिप जॉन्सन यांचा, ध्वनीचं काम सिरिल हॅरिस यांचं. जॉन्सन यांनी अमेरिकेत स्वतःसाठी चारी बाजूंनी काचेचं घर बांधून नाव मिळवलेलं. त्याच माणसानं इथं समुद्राच्या काठावर खिडकी नसलेली खोली बांधली! समुद्र काय तो बाहेरच्या दालनातून बघून घ्यायचा. आत शिरलं की लाट, गाज, वारा सगळं संपलं. हजारभर खुर्च्या पंख्यासारख्या पसरलेल्या आणि माइकशिवाय गायकाचा श्वास शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा अशी भिंतींची रचना.

पण ज्या भिंती गायकाचा श्वास मागे पोचवतात, त्या मागच्याचा खोकलाही पुढे पोचवतात. घशात खवखव नसलेल्या माणसालाही तिथं खोकला येतो. मग अख्खं सभागृह दोन चिजांच्या मधल्या फटीची वाट बघतं आणि ती सापडली की सगळे मिळून मनसोक्त खोकून घेतात. त्या सामुदायिक खोकल्यात एवढी एकजूट असते की टाळ्यांतही नसेल.

आमच्याकडे अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची जुनी परंपरा. पं. गोविंदराव जळगावकरांचं नाव निघालं की म्हातारी मंडळी अजून कानाला हात लावतात. तिथली शिस्त निराळी. श्रोते जमल्याशिवाय गायकानं बसायचं नाही आणि गायक बसल्याशिवाय श्रोत्यांनी घरून निघायचं नाही. समेवर ‘वाहवा’ पडली नाही तर गाणाऱ्याला वाटतं, मंडळी झोपली की काय. आणि खोकला आलाच तर खोकायचं. तानपुरा कुणाच्या खोकल्यानं उतरत नसतो.

म्हणून टाटा थिएटरात पहिली चांगली जागा आली तेव्हा तोंडातून निघालेला ‘क्या बात है’ मी अर्ध्यावर दाबला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर त्या म्हणाल्या, ‘‘अहो, मोठ्यानं म्हणा की, त्यांना बरं वाटेल!’’ पुढच्या समेला मी मोठ्यानं म्हटलं. वर बसलेल्या गवयानं मान हलवून ते पोचल्याची पावती दिली.

तेव्हा जॉन्सन यांचा हिशेब माझ्या ध्यानात आला. श्रोत्याला गायक ऐकू येणं हे अर्धंच काम. गायकाला श्रोता ऐकू आला पाहिजे. सतरंजीवरच्या बैठकीत हे फुकट साधतं, कारण तबलजीच्या कोपराचा धक्का लागेल इतक्या जवळ आपण बसलेले असतो. हजार माणसांत तेच साधायचं तर अमेरिकेहून दोन जाणते आणावे लागतात, आणि एवढा मोठा समुद्रसुद्धा दाराबाहेर थांबवावा लागतो.

पाण्याकाठी बसायची सोय म्हणाल तर अंबडलाही आहे. अहिल्याबाई होळकरांच्या काळातली पुष्करणी बारव आहे, चारी बाजूंनी खाली उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांची. तिथं एखाद्या पहाटे भैरव व्हायला काय हरकत आहे? तिकीट नको, खुर्च्या नकोत, पायऱ्या आहेतच. पाणी असलं तर उत्तम, नसलं तर आणखी चार रांगा वाढतील. खोकणाऱ्यांनी मात्र वरच्या पायरीवर बसावं. एवढं मुंबईकडून घ्यायला हरकत नाही.