जंपरराव

हैदराबादेत बालानगरच्या एखाद्या शेडमध्ये जुना रोबोट उतरला की पाठोपाठ जंपरराव उगवतात. रोबोट कुठल्या तरी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला असतो. सोबत कपाटाएवढा कंट्रोलर आणि त्यातून लोंबणाऱ्या, पक्कडीनं कचाकच तोडलेल्या वायरी. मॅन्युअल वाटेतच हरवलेलं असतं. जंपरराव त्या टोकांवरचे नंबरांचे फेरूल वाचतात आणि आधीच्या मालकाची कुंडली मांडतात. "इथवर नंबर हायेत, म्हणजे माणूस घरंदाज. इथून पुढं काळी टेप. घराणं बुडालं बघा."

मूळचे काचीगुड्याचे. शाळा विवेकवर्धिनी, पुढं बालानगरातच सीआयटीडीचा डिप्लोमा. 1968 पासून अवजारांचं शिक्षण देणारी ही संस्था हैदराबादच्या निम्म्या वर्कशॉपांचं माहेर आहे. घरी मराठी, मालकाशी दखनी, आणि स्क्रू हातातून निसटून कपाटाच्या तळाशी गेला की तेलुगू. खिशात दोन टोकं परस्पर जोडायचे पिवळ्या वायरीचे तुकडे, म्हणजे जंपर. नाव पडलं ते त्यावरून.

मालकाची मागणी साधी असते : "भाऊ, ज्यादा कुछ नक्को. बस एक हरा बटन. दबाया, चालू."

इथं जंपरराव खुर्ची ओढून घेतात. चहा येतो, उस्मानिया बिस्किटं येतात. कंट्रोलर फॅनक कंपनीचा असेल तर व्याख्यान लांबतं. हे लग्न आहे, साहेब, नुसता नवरा घोड्यावर बसून भागत नाही. इमस्टॉप, होल्ड, सेफ स्पीड, एनेबल असे चार सिग्नल वडीलधाऱ्यांसारखे अखंड हजर लागतात. एकाची वायर निसटली की तो रुसला आणि वरात जागच्या जागी थांबली. शिवाय किल्ली ऑटोवर हवी, हातातलं पेंडंट बंद हवं, मेन्यूत रिमोट निवडलेलं हवं. मालकाला यातलं फक्त बिलाचं कळतं.

अखेर बटण लागतं. मालक अंगठ्यानं दाबून धरतात. रोबोट ढिम्म. आणखी जोर लावतात. कपाळाला घाम. जंपरराव बिस्किट बुडवत म्हणतात, "सोडा." मालक वैतागून अंगठा काढतात आणि रोबोटचा हात सर्रकन फिरतो! हा कंट्रोलर दाबण्यावर नव्हे, सिग्नल सुटण्यावर निघतो. ही गोष्ट आधी सांगणं जंपररावांना शक्य असतं. ते सांगत नाहीत. एवढ्या मजुरीत थोडी करमणूक त्यांचीही व्हावी, हे मला तरी न्याय्य वाटतं.

ड्रॉइंग मात्र ते कधी देत नाहीत. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी खरडलेलं असतं. ते त्यांना एकट्याला वाचता येतं, म्हणजे पुढच्या बिघाडाला बोलावणं पक्कं.

नाव जंपरराव असलं तरी एका जागी हा माणूस हटून बसतो. रोबोटभोवतीच्या कुंपणाच्या दाराच्या सर्किटला रोबोटची कंपनीच जंपर लावून पाठवते. दाराचा स्विच जोडताना तो काढायचा असतो. "राहू द्या ना," मालक म्हणतात, "दार कोण उघडतंय?" जंपरराव जंपर काढून मालकाच्याच हातावर ठेवतात. शिकवताना रोबोट सेकंदाला 250 मिलिमीटरच्या पुढं जात नाही; ऑटोत गेला की त्याला कसलीच भीड नसते. स्विचही साधा चालत नाही. दोन वेगळे संपर्क लागतात, दोन्ही बरोबरच उघडायला हवेत. एक चिकटला तर कंट्रोलर चोरी पकडतो आणि पडद्यावर सर्व्हो 230 चा अलार्म येतो. मग नवा स्विच आणायला पोराला स्कूटरवर राणीगंजच्या बाजारात पिटाळलं जातं.

शेवटी मालकाची खरी इच्छा बाहेर पडते : बटण आपल्या एसी केबिनमध्ये, टेबलावर हवं. केबिनमधून रोबोट दिसतो का? नाही, कॅलेंडर दिसतं. जंपरराव वाद घालत नाहीत. स्टार्टचं बटण दारापाशी, जिथून आतला माणूस दिसतो तिथंच राहतं. ते ऑपरेटरच्या ताब्यात. केबिनमध्येही एक देखणं हिरवं बटण बसतं. दाबलं की त्यातला दिवा लागतो. 24 व्होल्ट दिव्यापर्यंत जातात आणि तिथंच संपतात. मालक रोज सकाळी उदबत्ती लावून ते दाबतात, आणि त्याचे पैसे जंपररावांनी वेगळे लावलेले असतात.