पुढच्या मे महिन्यात

सोनगीरकरांना नियोजन कोणी शिकवू नये. मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या पुढे वीसेक किलोमीटरवर आमचं गाव. ऊन तापलं की गच्च्यांवर वर्षभराचे उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे वाळायला पडतात, कोठीत वर्षाचा गहू आणि दादर जाते, मिरची कुटून बरणीत बसते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी गाव पूर्वीपासून नावाजलेलं, त्यामुळे मुलगी पाळण्यात असतानाच तिच्या रुखवताचा हंडा माळ्यावर चढवून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. दूरदृष्टी म्हणाल तर आमच्याकडे ठासून भरलेली आहे. फक्त मौज आधी ठरवायची म्हटली की घोडं अडतं. आणि थीम पार्क ही गोष्ट अशी, की आधी ठरवल्याशिवाय ती होत नाही.

घराण्यातली पहिली योजना आप्पांची. १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि त्याची जाहिरात दूरदर्शनवरून आमच्या घरात शिरली. जाहिरातीतली पोरं तिथून घरी जायला तयार नव्हती आणि आम्ही घरातून तिकडे जायला एका पायावर तयार होतो. आप्पा म्हणाले, "पुढच्या मे महिन्यात जाऊ." आप्पा शब्दाचे पक्के. पुढच्या मे महिन्यातही त्यांनी हाच शब्द दिला, त्याच्या पुढच्याही. मार्वेच्या धक्क्यावरून बोटीनं जावं लागतं, हे आम्हा भावंडांना पाढ्यासारखं पाठ झालं. बोट लागली तर लिंबू चोखायचं, हेही ठरलं होतं. मी कॉलेजात गेलो, लग्न झालं, पोरं झाली, तरी योजना ताजीच. मग कोरोना आला, पाळणे थांबले आणि २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड कायमचं बंद झाल्याची बातमी वाचायला मिळाली. आप्पांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "बरं व्हयनं, गऊत नही. टिकनार नव्हतंच ते."

तेहतीस वर्षं टिकलेल्या उद्यानाबद्दलचं हे मत.

माझ्या पोरांच्या वाट्याला इमॅजिका आलं. मनमोहन शेट्टी यांच्या अॅडलॅब्जनं ते एप्रिल २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर उभं केलं. सोनगीरहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मालेगाव, चांदवड, नाशिक, कसाऱ्याचा घाट, की मग पुढे कुठेतरी खोपोली. मी आप्पांसारखं मोघम बोलणार नव्हतो. तारीख, गाडी, मुक्काम, सगळं आधी. आधी म्हणजे चांगलं दिवाळीत, पुढच्या मे महिन्याचं. याच खटाटोपात मला एक नियम सापडला, तो अजून कोणत्याही पुस्तकात आलेला नाही. खान्देशात सहल जितकी आधी ठरवाल, तितकी माणसं वाढतात.

कारण सरळ आहे. "उद्या निघायचं" म्हटलं तर कोण येतं? कोणाचं पाणी भरायचं असतं, कोणाची म्हैस व्यायला झालेली असते, कोणाचा गुडघा धरलेला असतो. पण "सहा महिन्यांनी निघायचं" म्हटल्यावर नाही म्हणायला कारण आणायचं कुठून? सहा महिन्यांनंतर म्हैस व्यालेली असणार, गुडघा उतरलेला असणार. आम्ही चौघं आणि आई-आप्पा अशी ही मोहीम होती. आईनं ती पापड लाटता लाटता धाकट्या फुईला, म्हणजे आत्याला, सांगितली. फुई काहीच बोलली नाही, नुसतं म्हणाली, "आमले काय कोनी इचारस नही, भाऊ." फुईला विचारलं. एका फुईला विचारलं म्हणजे दुसरीला विचारणं आलं. दुसरीला विचारलं म्हणजे तिच्या घरी आलेले जावई आले. जावयांना घरी ठेवून सासुरवाडी पाळण्यात बसायला गेली, असं तालुक्यात ऐकायला लागू नये. संक्रांतीपर्यंत आम्ही क्रूझरमध्ये मावत होतो. महाशिवरात्रीला टेम्पो ट्रॅव्हलरची चौकशी सुरू झाली. होळीला व्याही म्हणाले, "मोठी बसच करा, खर्च वाटला जाईल," आणि त्या वाक्यासरशी त्यांच्या घरची माणसंही यादीत गेली.

पोरानं मोबाइलवर गटही काढला, 'चलो इमॅजिका'. आज त्या गटावर सुप्रभात, लग्नपत्रिका आणि गंधमुक्तीचे निरोप येतात. इमॅजिकाचा विषय कोणी काढला तर लोक विचारतात, हा मजकूर इथे कशाला?

रेल्वेनं आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. फार आधी काढलेली तिकिटं लोक फार रद्द करतात, हे त्यामागचं एक कारण. बरीच मंडळी हळहळली, मला मात्र यात खान्देशचा अभ्यास दिसला. चार महिन्यांत इथे कुटुंब दुप्पट होतं. तिकडे फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्येही जेवणाचं टेबल साठ दिवस आधी राखता येतं, असं बायकोचा अमेरिकेतला मामेभाऊ सांगतो. त्याचं चौघांचं कुटुंब साठ दिवसांनीही चौघांचंच राहतं. त्याच्या फुया धरणगावला आहेत.

पण अमेरिकेचंही फार कौतुक नको. कॅलिफोर्नियात अनाहाइमला पहिलं डिस्नेलँड उघडलं ते १७ जुलै १९५५ रोजी. तो दिवस निमंत्रितांचा होता. प्रत्यक्षात अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं आत होती आणि त्यातली निम्मी नकली तिकिटांवर आली होती, असं सांगतात. उन्हानं ताजं डांबर वितळून बायकांच्या चपलांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकाऱ्यांचा संप झालेला, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या कितीतरी तोट्या कोरड्या. मे महिन्यात आमच्याकडे पाचशे पत्रिका छापून हजाराची पंगत उठते आणि ऐनवेळी टँकर येत नाही, ते लग्न आणि हे डिस्नेलँड यांत मला तरी काही फरक दिसत नाही. फरक एवढाच, की वॉल्ट डिस्नेला दुसऱ्या दिवशी व्याह्यांची समजूत काढावी लागली नाही.

खर्चाचा हिशेब आईनं केला. एसटीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. आप्पा फुकट. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. आई, बायको आणि दोन्ही फुया अर्ध्या. बारा वर्षांच्या आतलं पोर अर्धं. म्हणजे अख्ख्या कुटुंबात महागडा प्रवासी मी एकटा. आईनं यावरून सुचवलं, की मी घरी राहिलो तर सहल फारच स्वस्तात पडते. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती, म्हणून सहल सुरतेकडे न्यायचा प्रस्ताव आईनं चर्चेला न घेताच बाद केला. तशी सुरत आम्हाला मुंबईपेक्षा जवळ.

तिकिटाचा दुसरा हिशेब उंचीचा. अशा उद्यानांत पोराचं तिकीट पुष्कळदा वयावर नाही, उंचीवर ठरतं. एका खुणेच्या खाली असाल तर कमी पैसे. आणि मोठ्या पाळण्यांना दुसरी खूण असते, तिच्या वर असाल तरच बसू देतात. आमच्या देवघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या या दोन्ही रेघा ओढल्या गेल्या. बायकोला घाई, की पोरगा खालच्या रेघेच्या वर जायच्या आत उद्यान उरकावं. पोराला घाई, की वरची रेघ गाठल्याशिवाय निघूच नये. तो सकाळी उठून दाराला लटकायचा, ही त्याला भाकरी वाढताना हात आखडता घ्यायची. मी कोणाच्याच बाजूचा नव्हतो. आज तो दोन्ही रेघा ओलांडून माझ्याही वर गेला आहे, आणि पूर्ण तिकीट काढूनच बसणार आहे, जेव्हा बसेल तेव्हा.

इमॅजिकातल्या त्या मोठ्या पाळण्याची, नायट्रोची, चित्रफीत मी आईला दाखवली. हा फळी नसलेल्या जातीचा रोलर कोस्टर, बसणाऱ्याचे पाय हवेत लोंबकळतात. आईनं चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि विचारलं, "पायखाले फळी नही, आनि पैसा पुरा लेतस?" मग तिनं आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, विषय काढला. आखाजीला लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला दोर बांधून झोके चढतात, आणि तिच्या तरुणपणी ती उभ्यानं झोका घेत फांदीच्या पाल्याला पाय लावून यायची. पट्टा नाही, शिट्टी वाजवणारा नाही, वर गाणी म्हणायची ती वेगळीच. आप्पांनी सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा काढली. तापीकाठचा घोड्यांचा बाजार, उंच पाळणे, मौत का कुआँमधली ती फटफटी. त्यांच्या मते थीम पार्क म्हणजे ज्यातून घोडे आणि ओळखीची माणसं वजा केली आहेत अशी जत्रा. जत्रेत निदान पाळणेवाला ओळखीचा निघून एक फेरी जास्त मारतो. मला हे सगळं पटतं, पण नव्या पिढीला झोक्यावरून फोटो नीट येत नाही ही खरी अडचण आहे.

खाण्यावरून तर ठराव मोडायचीच वेळ आली होती. फुईनं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेच्याचा डबा यांची जबाबदारी स्वतःहून घेतली. अशा उद्यानांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग तठे खातस काय?" पिझ्झा असतो, असं पोरांनी सांगितलं. शेवभाजी मिळते का, अशी चौकशी तिनं केली आणि उत्तराची वाट न बघता दशम्या गाडीत बसून दारातच खायच्या, असा निर्णय दिला.

एवढं सगळं जुळलं तरी दिवस मिळाला पाहिजे. एप्रिल-मे लगनसराईचा. कालनिर्णयावर मे महिन्यातली एकही तारीख अशी सापडेना, जिच्यावर कोणाचं ना कोणाचं लग्न पेन्सिलीनं लिहिलेलं नव्हतं. जूनमध्ये मिरग, पेरणी. पोळा, गणपती, नवरात्र गेलं की कापसाची वेचणी, आणि कापूस विकला गेल्याशिवाय आमच्याकडे कोणत्याच आनंदाला मंजुरी मिळत नाही. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात सगळ्यांनी तोच भाव पुन्हा येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवला. आमचाही पुढच्या खोलीत छतापर्यंत होता. भाव आले की इमॅजिका, असं ठरलं. भाव चढायच्या ऐवजी उतरत गेले, कापसानं अंगाला खाज सुटली, आणि पोरं त्याच ढिगावर उड्या मारून उन्हाळा काढू लागली. सरतेशेवटी मिळेल त्या भावात कापूस गेला, तेव्हा खरं दुःख पोरांनाच झालं. त्यांचं थीम पार्क ट्रॅक्टरमध्ये भरून जिनिंगला गेलं होतं.

मधल्या काळात मी त्यांना किल्ल्यावर नेऊन आणलं. सोनगीरचा किल्ला गावाच्या डोक्यावरच आहे. चढायला फार तर अर्धा तास, वर पडकी तटबंदी, मोठी विहीर आणि भणाणता वारा. तिकीट नाही, रांग नाही, उंचीची अट नाही. पोरांनी कर्तव्य म्हणून फोटो काढले आणि विचारलं, "इमॅजिकाला कधी?"

आता गंमत बघा. गेल्या वर्षी आईनं संध्याकाळी दिवा लावता लावता सांगितलं, की साईबाबांचा नवस फेडायचा राहिला आहे. शिर्डी आमच्यापासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, मालेगाव-मनमाडवरून. चर्चा नाही, गट नाही, कापसाचा भाव नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सोळा माणसं गाडीत. देवाच्या कामाला आमच्याकडे नियोजन लागत नाही. दर्शन झालं, प्रसादालयात जेवण झालं, आणि मग मंडळींना आठवलं की शिर्डीतच वॉटर पार्क आहे आणि शेजारी साईतीर्थ नावाचं भक्तीचं थीम पार्कही. दोन्ही संगमनेरच्या मालपाणी समूहाची. मराठी कुटुंबाची नस या मंडळींना नेमकी सापडली आहे. देवाच्या शेजारी घसरगुंडी बांधली, की आजीची परवानगी आपोआप मिळते. धाकटी फुई नऊवारी सावरत लाटांच्या तलावात कमरेपर्यंत उभी राहिली ती संध्याकाळी शिट्टी वाजेपर्यंत. बाहेर आल्यावर तिनं एवढंच सांगितलं, की पाणी चांगलं होतं, मात्र मीठ घातलेलं नव्हतं.

याच मालपाणी समूहानं २०२२ मध्ये इमॅजिकाही घेतलं. हे कळल्यापासून मी आशेवर आहे. त्यांनी खोपोलीच्या दाराशी एखादं जागृत देवस्थान शोधून काढावं, एवढंच मागणं आहे. आमची बस तेवढ्यासाठीच थांबली आहे.

तोवर आमचं पुढच्या मे महिन्याचं ठरलेलं आहे. तुमचंही ठरत असेल, तर एक करा. तिकिटं गुपचूप काढा, गाडीत डिझेल भरून ठेवा आणि घरात निघायच्या आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर सांगा. फुईला फोन कसाऱ्याचा घाट उतरल्यावर करा.