वर्षातून एकदा मान वर

पुण्यात 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद असतो आणि माणसं चक्क मान वर करून रस्त्याच्या मधोमध चालतात. बैलाला पोळा, नागाला पंचमी, तसा आम्हाला हा एक दिवस. उरलेले 364 दिवस पायाखाली बघायचं.

रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि पदपथाची उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. आमच्या गल्लीत तो गुडघ्याशी स्पर्धा करतो. शेजारच्या आजी म्हणतात, "गड चढायचं वय गेलं रे माझं!" चढलंच कुणी, तर बारा पावलांवर विजेचा डीपी, पुढे कुणाच्या तरी ‘सौजन्याने’ बसवलेला बाक, त्याला टेकवलेला वाढदिवसाचा फ्लेक्स. मग दर फाटकापाशी उतार, पुन्हा चढ. गाडीला धक्का बसता कामा नये. गुडघ्यांचं काय, सवय होते. अंधांसाठी पिवळी पट्टीही आहे. ती सरळ झाडाच्या बुंध्यात शिरते.

जागा नाही म्हणावं, तर जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झालाच की. पण तो दाखवायचा रस्ता, आमचा राहायचा.

आजी रस्त्याच्या कडेनेच चालतात. परवा एक दुचाकीवाला खेकसला, "आजी, फूटपाथवरून चालता येत नाही का?"

तो स्वतः फूटपाथवरच होता.