सूर्य कुठून दाखवू?

सूर्य आमच्या रत्नागिरीत रोज मावळतो, फुकट मावळतो आणि तो पाहायला पश्चिमेकडे तोंड करण्यापलीकडे काही करावं लागत नाही. तरी दर मे महिन्यात पडवीत दुपारचा चहा सुरू झाला की कोणीतरी पाहुणा कप खाली ठेवतो आणि विचारतो, "सनसेट कुठून बेस्ट दिसतो?" आंबे पिकलेत हे कसं ओळखायचं, मासळी किती वाजता घ्यायला जायचं, कोकमाचं आगळ प्रवासात सांडणार नाही असं कसं बांधायचं, सगळ्यांना माझ्याकडे सरळ उत्तरं आहेत. या प्रश्नाला नाही. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला सहा वाजले की भूक लागते, कोणाचं कोणाशी सकाळपासून बोलणं बंद आहे आणि गाडीत पुढच्या सीटवर कोण बसणार, एवढं आधी कळावं लागतं. ते कळलं की सूर्य कुठून दाखवायचा ते आपोआप ठरतं. सूर्याला त्यात कोणी विचारत नाही.

याबाबतीत शेजाऱ्यांचा सल्ला घेऊ नये. रत्नागिरीकर कुठल्याही जागेला चांगली म्हणत नाही. ती पूर्वी चांगली होती, एवढंच कबूल करतो. "मांडवीला नेताय पाव्हण्यांना? न्या, न्या. आता तिथे काय राहिलंय म्हणा." भाट्याला नेतो म्हटलं तर, "पूर्वी वाळू बघायला हवी होती." थिबा पॉइंट म्हटलं तर, "पूर्वी इथे कोणी यायचं नाही, तेव्हा खरी मजा." शेवटी सूर्य तरी तोच आहे ना, असं मी एकदा चिडून विचारलं. त्यावर आमचे शेजारी थोडा वेळ विचार करून म्हणाले, "असेल बुवा."

गावातल्या गावात सोय म्हणजे मांडवी. काळी वाळू, समुद्रात घुसलेली जेट्टी, तिच्या तोंडाशी 'गेटवे ऑफ रत्नागिरी' आणि समोर गाड्यांची रांग: भेळ, पाणीपुरी, कुल्फी, कणसं. ज्या पाहुण्यांना निसर्ग आवडतो पण तेवढ्यावर भागत नाही, त्यांना मी मांडवीला नेतो. इथला सूर्यास्त बहुतेक लोक पाठीने पाहतात. सूर्य पाण्याला टेकला त्या क्षणी आमच्या मेहुण्यांचं तोंड पूर्वेला होतं, कारण भेळवाला कैरी किती घालतोय यावर लक्ष ठेवणं भाग होतं. सगळा समुद्र तांबडा झाला, पोरं ओरडली, जेट्टीवरचे शंभर मोबाइल एकदम वर झाले आणि मेहुणे म्हणाले, "तिखट वेगळं द्या."

याच मांडवीवर त्यांनी माझ्याकडे रीतसर तक्रारही केली होती. नाताळच्या सुट्टीत आले होते तेव्हा सूर्य डाव्या हाताला, मोकळ्या समुद्रात मावळला होता. मे महिन्यात त्याच जागी, त्याच कठड्याला टेकून उभे राहिले तर तो पार उजवीकडे, भगवतीच्या किल्ल्याच्या बाजूला झुकलेला. "मागच्या वेळी इथे नव्हता हो मावळत," असं ते ज्या स्वरात म्हणाले त्यावरून मधल्या काळात नगरपालिकेने तो हलवला असावा आणि मी हरकत घेतली नाही, असा त्यांचा समज दिसला. मी समजावलं की डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे सरकतो, जूनमध्ये वायव्येकडे. आमच्या अक्षांशावर या दोन टोकांमध्ये सुमारे ४९ अंशांचं अंतर पडतं. मावळायची वेळही डिसेंबरात सहा वाजून गेल्यावर, तर मेमध्ये सातच्या आसपास. मेहुण्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे फिक्स असं काही नाही," ते म्हणाले.

भगवतीचा किल्ला, म्हणजे कागदोपत्री रत्नदुर्ग, मी हुशार पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा डोंगर समुद्रात शिरलाय, वर देवीचं देऊळ आहे, पलीकडच्या टोकाला दीपगृह, आणि तटावरून खाली पाहिलं की पाय आपोआप एक पाऊल मागे येतात. वारा असा की टोपी घालून येणारे टोपी हातात धरून परत जातात. आमचे एक मावसभाऊ कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांना मी हौसेने इथे आणलं, सोबत आत्या होती, वहिनी होत्या, दोन पोरं होती. सूर्य खाली येत येत क्षितिजाला टेकला. सगळे गप्प झाले. वहिनींच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं असावं (वारा होताच). तेवढ्यात मावसभाऊ म्हणाले, "तो तिथे नाहीये."

"कोण?"

"सूर्य. तो मगाशीच क्षितिजाखाली गेला. हवेत प्रकाश वाकतो. क्षितिजापाशी हे वाकणं साधारण अर्ध्या अंशाचं, आणि सूर्याची तबकडीही तेवढीच. म्हणजे खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा प्रत्यक्षात सगळा सूर्य बुडून गेलेला असतो. शिवाय त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात, ते वेगळंच."

कोणी काही बोललं नाही. टेकल्यापासून पूर्ण दिसेनासा व्हायला आमच्याकडे सव्वादोन मिनिटं लागतात, ती सगळी या बातमीत गेली. शेवटी आत्या म्हणाली, "मग पेट्रोल कशाला जाळलंस रे?"

भाऊ खचणारे नव्हते. उंचावर आल्याचा फायदा आहे म्हणाले; साठ मीटर वर गेलं की क्षितिज तेवढं लांब जातं आणि सूर्य किनाऱ्यापेक्षा जवळजवळ मिनिटभर उशिरा मावळतो. म्हणजे खाली वाळूत मावळता पाहून लगेच वर आलं तर तोच सूर्य दुसऱ्यांदा मावळताना दिसेल. पोरं तेवढ्यावर उठली. एका मिनिटात साठ मीटर चढायचं कसं, हे मात्र फिजिक्समध्ये नाही. मोठा मुलगा खाली पळाला होता, त्याला शोधण्यात काळोख पडला आणि तो सापडला तेव्हा देवळाबाहेर सरबत पीत होता.

गुडघेवाल्यांसाठी थिबा पॉइंट. वाळू नाही, चढण नाही, गाडीतून उतरलं की बाक. समोर खाली भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल, काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा आणि माडांच्या झावळ्या. माझ्या मते गावातला सगळ्यात देखणा सूर्यास्त इथला. पण हे मी शेजाऱ्यांना सांगत नाही, ते 'पूर्वी' सुरू करतील. बाकांवर संध्याकाळी कॉलेजची मुलं-मुली जोडीने बसलेली असतात. आत्या त्यांच्यामधोमध जाऊन बसते, दोघांना चुरमुऱ्याचा लाडू देते आणि मुलीला गाव कुठलं विचारते. बाक रिकामा व्हायला सूर्यापेक्षा कमी वेळ लागतो.

पॉइंटला ज्याचं नाव आहे तो थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला मंडालेहून उचललं, आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६ साली आमच्याकडे आणून सोडलं, राणी सुपायलात आणि लहान लहान राजकन्यांसकट. जवळचा तो तांबडा तिमजली राजवाडा त्याच्यासाठीच बांधला, पण बांधून झाला १९१० साली. राजाला स्वतःचं घर मिळायला चोवीस वर्षं लागली. सरकारी क्वार्टरच्या यादीत नाव लावून बसलेल्या एका परिचितांना मी हे मुद्दाम सांगितलं. त्यांना बराच धीर आला. राजवाड्यात राजा जेमतेम सहा वर्षं राहिला. १९१६मध्ये गेला तो रत्नागिरीतच.

मला नेहमी वाटतं, आमच्या गावाच्या इतिहासात सूर्यास्ताला पूर्ण वेळ देऊ शकेल असा माणूस हा एकच झाला. कचेरी नाही, बागेत फवारणी नाही, पेट्या भरायच्या नाहीत. तीस वर्षं. त्यात 'कुठून बघू' हा प्रश्न त्याला पडायचा संभव नव्हता. हिंडण्या-फिरण्यावर पहारा होता. रोज संध्याकाळी समोर पश्चिम, म्हणजे ज्यांनी त्याला इथे आणलं त्यांच्या घराची दिशा. त्याचा देश पाठीमागे, पूर्वेला, आणि त्या बाजूला आमचे डोंगर उभे. तांबडं आकाश पाहून त्याला काय वाटत असेल, असं मी एकदा बाकावर बसून जरा हळवा होऊन म्हणालो. आत्याने तोंडातला लाडू संपवला. "त्याच्याकडे मे महिन्यात पाहुणे येत नव्हते ना?" ती म्हणाली. "मग निवांत बघत असेल बिचारा."

घरात भांडण झालं असेल तर भाट्ये. पूल ओलांडला की नारळ संशोधन केंद्र, सुरूचं बन आणि लांबच लांब सरळ किनारा. भांडलेल्या दोघांनी वेगवेगळ्या दिशांना चालायला सुरुवात केली तर सूर्य बुडेपर्यंत एकमेकांचं तोंड बघावं लागत नाही, आणि परत गाडीशी यायची वाट एकच असल्यामुळे काळोखात कोणाला तरी आधी बोलावंच लागतं. "चप्पल कुठे काढली होती?" हे पहिलं वाक्य. त्यानंतर सहसा तडजोड होते. आमच्या दोन घरांतले वाटणीचे विषय निम्म्यावर तरी आले ते भाट्याच्या वाळूत.

नवी गाडी घेतलेले पाहुणे यातलं काहीच ऐकत नाहीत. त्यांना आरे-वारे हवं असतं. रस्ता देखणा आहे यात शंका नाही: डोंगराच्या कडेने वळत जातो, मध्येच खाली दोन्ही किनारे दिसतात आणि खाडीवरून पलीकडे गेलं की पुढे गणपतीपुळे. योजना अशी असते की वाटेत पाच मिनिटं थांबायचं आणि सूर्यास्ताला पुळ्याच्या देवळासमोर पोचायचं. प्रत्यक्षात पहिल्या वळणावर गाडीचा फोटो, दुसऱ्या वळणावर गाडीचा समुद्रासकट फोटो, तिसऱ्या वळणावर मागच्या एसटीचा हॉर्न. त्या एसटीचा चालक हा रस्ता वर्षानुवर्षं चालवतो आणि त्याचे सूर्यास्त अशा उघड्या दारांच्या गाड्यांमागे थांबून पाहून होतात. पुळ्याला पोचेपर्यंत किनाऱ्यावरचे उंटसुद्धा घरी गेलेले असतात. तिथला गणपती पश्चिमद्वार देवता, तोंड समुद्राकडे. या सगळ्या पट्ट्यात सूर्यास्तासाठी कायमची जागा धरून बसलेला तो एकटाच. पार्किंगची त्याला काळजी नाही आणि कोणी विचारलंच तर दाखवायला दुसरा पॉइंटही नाही.

गंमत अशी, की पाहुणे ज्या दिवसांत येतात त्या दिवसांत सूर्यास्त तितकासा धड नसतोच. मे महिन्यात हवेत बाष्प आणि धुरळा इतका की पाण्याच्या चार बोटं वरच सूर्य मळकट होतो आणि पाण्याला न टेकताच नाहीसा होतो. "बुडाला की गेला?" असं लोक एकमेकांना विचारतात. वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्यास्त जुलैच्या सुरुवातीला, सव्वासात वाजता. तो आमच्यापैकी फारसा कोणी पाहिलेला नाही, कारण त्या वेळी सगळं गाव पन्हळीखाली बादल्या लावत असतं. खरे सूर्यास्त ऑक्टोबर-नोव्हेंबरातले. पावसाने हवा धुतलेली, वर ढगांचे उरलेसुरले पुंजके, आणि रंग असे की फोटो काढला तर कोणी खरा मानणार नाही. तेव्हा पाहुणे नसतात. शाळा असते, त्यांना रजा नसते, आंबाही नसतो. आणि आम्ही? आम्ही तेव्हा बाजारात भाजी घेत असतो, किंवा बँकेच्या कामाने उशीर झालेला असतो. मिरकरवाड्याला बोटींवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या खलाशाला मी एकदा विचारलं, तुम्ही रोज समुद्रात, तुम्हाला तर काय एकेक सूर्यास्त दिसत असतील. तो म्हणाला, "सूर्य खाली आला की आमी जाळं बघतो. सूर्य इकून पैसे येनार हाईत काय?"

पाहुणे मात्र समाधानी असतात. रात्री जेवणं आटोपतात, सोलकढीचा शेवटचा पेला कोणी घ्यायचा यावर आग्रह होतो, मी माजघरात अंथरुणं घालत असतो आणि मेहुणे जांभई देत विचारतात, "आणि सूर्योदय? तो कुठून बघायचा?"

आमच्याकडे सूर्योदय असा नाहीच. डोंगर आणि आंब्याच्या बागा ओलांडून सूर्य वर दिसू लागतो तेव्हा दूधवाला येऊन गेलेला असतो. पण या प्रश्नाला माझं उत्तर तयार असतं, जागेसकट आणि वेळेसकट.

"सूर्योदय आंबा घाटात," मी म्हणतो. "तुमच्या परतीच्या वाटेवरच आहे. सहाच्या आत माथ्यावर पोचायला हवं, म्हणजे इथून पहाटे चारला निघा. पेट्या आत्ताच डिकीत ठेवून टाकू या का?"