सोयगावात प्रोलॉगचं अभ्यासमंडळ कसं काढावं

आधी भाषा निवडावी. कसोटी एकच: जिल्ह्यातल्या एकाही कॉम्प्युटर क्लासच्या फलकावर तिचं नाव नसावं. अप्रसिद्ध राहण्याचा आपल्याला दांडगा अनुभव आहे. अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात, अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात. जग लेणी बघून परत जातं आणि सोयगाव कुठे ते विचारतही नाही. तेव्हा प्रोलॉगच घ्यावी. १९७२ च्या सुमारास फ्रान्समध्ये, मार्सेयला, आलाँ कॉल्मरोएर आणि फिलिप रूसेल यांनी ती घडवली.

घरून प्रश्न येईल, "यानं नोकरी लागते का?" उत्तर टाळावं. फारच नेट लावला तर "एआयची भाषा आहे" म्हणावं. हे खोटं नाही, फक्त चाळीसेक वर्षं शिळं आहे. १९८२ मध्ये जपानने पाचव्या पिढीच्या संगणकाचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा भिस्त याच घराण्याच्या भाषांवर होती.

सभासद निवडताना संगणकवाले शक्यतो टाळावेत. त्यांना काम कसं करायचं ते सांगायची खोड असते. प्रोलॉगला फक्त काय खरं आहे ते सांगायचं, मग विचारायचं. म्हणून सोयरिकी जुळवणारे मामा आणि वाटण्या करून देणारे आप्पा आधी गाठावेत. पहिला धडा असा:

वडील(शहाजी, शिवाजी).
वडील(शिवाजी, संभाजी).
आजोबा(_अ, _ब) :- वडील(_अ, _म), वडील(_म, _ब).

देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणून चलाच्या नावाआधी खालची रेघ. आता आजोबा(_कोण, संभाजी). असं विचारलं की शहाजी हजर. शेवटचा पूर्णविराम विसरलात तर प्रोलॉग चूक दाखवत नाही, पुढच्या ओळीची वाट बघत बसते. आप्पा तेवढ्यात चहा सांगतील. शहाजींचे वडील विचारलेत, तर मात्र साफ नाही म्हणेल. मालोजी भरलेच नव्हते ना! तिचा कारभार सातबाऱ्यासारखा, नोंद नाही म्हणजे माणूसच नाही. हे संगणकाच्या पदवीधरांना समजावून सांगावं लागतं, आप्पांना नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत बैठक ठेवू नये, कुणी येणार नाही.

एसडब्ल्यूआय-प्रोलॉग फुकट मिळते. उतरवून घ्या, आपल्याच घराण्याची वंशावळ भरा. वाटणीचा नियम लिहायच्या आधी मात्र सगळ्या भावांना बोलवा, आणि बहिणींनाही. २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत त्यांचाही सारखा हिस्सा आहे.