हंगामी अनाथ

कंबोडियात 25 डिसेंबरला सुट्टी नसते. देश बौद्ध, नवे वर्ष एप्रिलात, त्यामुळे बँका, कचेऱ्या, भाजीबाजार सगळे नेहमीसारखे चालू. अंगकोर वाटशेजारच्या सियाम रीप शहरात मात्र काही लहान मुलांना त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. सकाळी नाताळची गाणी म्हणायची, दुपारी भेटवस्तू स्वीकारायच्या, संध्याकाळी पाहुण्यांसमोर पारंपरिक नृत्य करायचे. मिठ्या वेगळ्या. त्यांना वेळापत्रक नाही. पाहुणा दारात दिसला की सुरू करायच्या.

पाहुणी बहुधा मेलबर्न, लंडन किंवा ॲमस्टरडॅमहून आलेली असते. वय विशीचे, मन मोठे, रजा दोन आठवड्यांची. घरी आजीच्या नाताळच्या जेवणाला यंदा येणार नाही म्हणून सांगून, एका एजन्सीला भरभक्कम पैसे मोजून ती आली आहे. अनुभवाची अट नव्हती. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायला कुणी सांगितले नाही. उलट तिने विचारले होते, 'मला मुलांबरोबर काम करण्याचे काहीच शिक्षण नाही, चालेल का?' उत्तर आले, 'प्रेम पुरेसे आहे.' याच न्यायाने तिच्या मेलबर्नमधल्या पाळणाघरात कुणी आत येऊ पाहिले असते, तर बाईंनी आधी दार लावून मग पोलिसांना फोन केला असता.

डिसेंबर ते फेब्रुवारी हे तिथल्या कोरड्या हंगामातले महिने. पाऊस नाही, चिखल नाही, देवळे बघायला हवा बरी आणि करुणेलाही बरी. सप्टेंबरच्या मुसळधार पावसात मुले तेवढीच अनाथ असतात, पण तेव्हा त्यांच्या अनाथपणाला गिऱ्हाईक कमी.

गिऱ्हाईक हा शब्द कुणाला खटकेल, म्हणून जरा आकडे पाहू. 2005 मध्ये कंबोडियात अनाथालये होती 154. 2010 मध्ये झाली 269. यादवी नव्वदच्या दशकातच संपलेली, देशातल्या अनाथांची संख्या उतरणीला लागलेली. चढत होते ते विमानाने येणारे पर्यटक. युनिसेफच्या मदतीने सरकारने पाहणी केली तेव्हा दिसले की संस्थांतल्या दर चारांतल्या तीन मुलांची आई तरी जिवंत आहे, बाप तरी, नाहीतर दोघेही. ख्मेर रूजच्या राजवटीने ज्या देशात अनाथांच्या रांगा लावल्या, त्याच देशाला तीस वर्षांनी अनाथ पुरेनात. मग आईबाप असलेल्यांमधून भरती करावी लागली.

भरतीची पद्धत साधी. माणूस खेड्यात जातो, कर्जात बुडालेले घर हेरतो आणि सांगतो की पोराला शहरात इंग्रजी शिकवू, पोटभर जेवू घालू. आई विश्वास ठेवते, कारण यातले काही अगदीच खोटे नसते. इंग्रजी खरेच शिकवतात. दर पंधरवड्याला नवी ताई येते आणि ए फॉर ॲपलपासून सुरुवात करते. पोराचे ॲपल इतके पक्के होते की झेडपर्यंत जायला कुणाची रजाच पुरत नाही.

नेपाळची गोष्ट याहून रंजक आहे. तिथे 75 जिल्हे होते तेव्हा जवळपास 90 टक्के बालगृहे पाच जिल्ह्यांत गोळा झाली होती: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. कास्कीत पोखरा आहे, तलाव आहे, अन्नपूर्णेचे दर्शन आहे. चितवनात राष्ट्रीय उद्यान आहे. अनाथ बालके आणि एकशिंगी गेंडे नेमके एकाच परिसरात आढळावेत, याचा अभ्यास प्राणिशास्त्रज्ञांनी अजून केलेला दिसत नाही. पलीकडे हुमला हा देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांपैकी एक. माओवादी संघर्षाच्या काळात तिथल्या आईबापांकडून उलट पैसे घेऊन दलालांनी मुले काठमांडूला नेली आणि खोटे कागद करून त्यांना अनाथ ठरवले. आईबापांना पत्ताच नव्हता की कागदोपत्री आपण वारलो आहोत.

पाहुणी यातले काही जाणत नाही. तिला दिसते ते एवढेच, की पाच मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलेले चार वर्षांचे पोर तिच्या मांडीवर चढून बसले आहे आणि उतरायला तयार नाही. ती रडते. फोटो काढते. प्रेम, प्रेम म्हणतात ते हेच, असे घरी कळवते.

आपल्याकडचे धडधाकट चार वर्षांचे पोर आठवा. घरी नवा माणूस आला की ते आईच्या पदराआड जाते. 'काकांना नमस्कार कर' म्हटले की भोकाड पसरते. काकांना वाईट वाटते, पण पोर ठीक असल्याची ती खूण असते: आपले कोण आणि परके कोण, हे त्याला कळते. भेटेल त्याच्या गळ्यात पडणारे मूल पाहून बालमानसशास्त्रज्ञांना आनंद होत नाही, काळजी वाटते. त्याच्या वाट्याला एक माणूस कायमचा आलेला नसतो, म्हणून ते येईल त्याला धरून पाहते. दोन-दोन आठवड्यांचे पाहुणे धरले तर वर्षाला सव्वीस ताटातुटी. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंडा रिश्टर आणि एमी नॉर्मन यांनी 2010 मध्येच लिहिले होते की हे येणे-जाणे लहान मुलांना इजा करते. ते वाचले अभ्यासकांनी. पाहुणीच्या हाती पडले माहितीपत्रक.

मुलाला कायमचे माणूस लागते, याचा सर्वांत कठोर पुरावा रोमानियाने दिला, आणि योगायोगाने त्याची सुरुवातही नाताळातच झाली. 25 डिसेंबर 1989 ला हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या गेल्या. लोकसंख्या वाढावी म्हणून त्याने 1966 मध्ये गर्भपातावर बंदी आणली होती. नको असताना जन्मलेली पोरे सरकारी संस्थांत कोंबली होती. ती दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसली आणि युरोपातून खेळण्यांचे ट्रक निघाले. पुढे 2000 च्या सुमारास बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या शास्त्रज्ञांनी संस्थांतली 136 बाळे निवडली. निम्मी सांभाळायला घरे शोधून त्यांच्याकडे दिली, निम्मी होती तिथे राहिली. घरात गेलेल्यांची बुद्धी आणि जिव्हाळा दोन्ही सुधारले, आणि जितक्या लवकर गेली तितके जास्त. खेळण्यांच्या ट्रकांमुळे काय सुधारले, ते त्या प्रयोगात मोजलेले नाही.

नाताळ आणि परोपकार यांचे नाते तसे जुने. 1984 च्या नाताळात ब्रिटिश आणि आयरिश गायकांनी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी गाणे केले. गाण्यातला प्रश्न असा की, नाताळ आलाय हे त्या लोकांना ठाऊक तरी आहे का? इथिओपियाच्या राजाने चौथ्या शतकातच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि तिथला नाताळ 7 जानेवारीला असतो. म्हणजे ठाऊक होते, फक्त तारीख वेगळी होती. याची परतफेड 2012 मध्ये नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने केली. त्यांच्या व्हिडिओत आफ्रिकेतले लोक थंडीने गारठलेल्या बिचाऱ्या नॉर्वेजियनांसाठी रेडिएटर गोळा करतात. हसून लोकांची पुरेवाट झाली. नंतर जानेवारीत जायचे की जूनमध्ये, याची चौकशी पुन्हा सुरू.

जिथे कुणीही आत येऊ शकते अशा घरात वाईट माणूसही येऊ शकतो, हे समजायला कंबोडियापर्यंत जायला नको. मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा परोपकारी म्हणून मान मिळवलेला गृहस्थ 'गुरुकुल' नावाने मुलांचे घर चालवत होता. 1991 मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा कळले की तो मुले परदेशी पाहुण्यांपुढे करत होता. 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुंबईत कुलाब्याच्या अँकरेज आश्रयगृहांच्या प्रकरणात दोन ब्रिटिशांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम केली. तेही मुलांना मदत करायलाच आले होते.

आणि आपण? आपण नाताळाची वाट पाहत नाही. आपल्याला वाढदिवस आहेत. चिरंजीव पाच वर्षांचे झाले की सगळे कुटुंब केक घेऊन आश्रमात जाते. ज्याला आई भेटायला येत नाही त्याच्यासमोर आई चिरंजीवांना पहिला घास भरवते, बाकीचे टाळ्या वाजवतात आणि रात्री व्हॉट्सॲपवर सगळ्यांचे चेहरे जातात. अशा मुलांची ओळख आणि छायाचित्र प्रसिद्ध करायला 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 74 ने मनाई केली आहे. पण 'हृदयस्पर्शी' असे लिहून टाकलेल्या फोटोवर कलम लावायला जाणार कोण?

जग अगदीच झोपलेले नाही. 2011 मध्ये कंबोडियात पोस्टर लागले: काचेच्या पेटीत मुले, भोवती कॅमेरे रोखलेले पर्यटक, आणि खाली सूचना की मुले म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. 2017 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीला स्वतंत्र प्रकरण दिले. 18 डिसेंबर 2019 ला, ऐन नाताळाच्या तोंडावर, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतल्या स्वयंसेवेचे धोके ठरावात घातले. कंबोडिया सरकारने मुलांना घरी परत पाठवायची मोहीम काढली आणि संस्थांतली संख्या घटली.

घरी परत पाठवण्याचे काम दिसायला अगदी नीरस असते. मोटरसायकलवरून एक समाजसेविका खेड्यात जाते, आईशी बोलते, कर्जाचे बघते, शाळेच्या खर्चाची सोय लावते आणि काही महिन्यांनी पुन्हा चक्कर मारते. तिला ख्मेर यावी लागते. दोन आठवड्यांत तिचे काहीच होत नाही, आणि फोटो काढावा तर भाताची पोती आणि ओशाळलेली आई याखेरीज चौकटीत काही येत नाही.

एजन्स्या मात्र चतुर. विरोध वाढला तशी काहींनी यादीतून अनाथालये काढून टाकली. रजा, विमान, दोन आठवडे हा बेत तसाच आहे. आता समुद्रकिनाऱ्यावर कासवांची पिले सोडायला नेतात. पिलांचे आईबाप कुठे आहेत, असे कुणी विचारत नाही. आधीही कुणी विचारत नव्हते.