खर्ड्याची स्वारी

खर्ड्याला सहलीला कुणी जात नाही. लोक शिर्डीला जातात, तिथून शनिशिंगणापूर उरकतात, फार तर राळेगणसिद्धीला डोकावतात आणि घरी येऊन पाय दुखल्याचं सांगतात. खर्डा आहे जामखेड तालुक्यात, जिल्ह्याच्या पार टोकाला. आणखी थोडं पुढं गेलं की धाराशिव, जरा वळलं की बीड. अशा ठिकाणी आपण होऊन जाणारा माणूस एक तर त्या गावचा जावई असतो, नाही तर त्याला इतिहासाचं वेड असतं. आमचे साडू दुसऱ्या जातीतले.

साडूंना नाही म्हणायची सोय नसते. आपण नाही म्हटलं की ते आपल्या बायकोला सांगतात, ती आपल्या बहिणीला सांगते, आणि ते नाही फिरून आपल्यापर्यंत येतं तेव्हा त्याचं हो झालेलं असतं. तेव्हा पौषातल्या एका रविवारी भल्या पहाटे आम्ही चौघं नगरहून निघालो. (अहिल्यानगर म्हणायचं वळण जिभेला अजून पडायचंय.) डिकीत धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, चिवड्याचा डबा आणि पाण्याचे दोन कॅन.

“अगं, तिकडं हुरडा खायलाच चाललोय ना आपण? मग हे कशाला?” साडू म्हणाले.

“मग तिथं पोचेपर्यंत काय खायचं? इतिहास?” ताईंनी डिकी आपटली.

खर्ड्याला जाऊन खर्डा खायचा, हा विनोद गाडी चौकाबाहेर पडायच्या आत तिघांनी करून टाकला. तेव्हा ठरलं, की आता पुन्हा जो करील त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. त्यानंतर गाडीत बराच वेळ शांतता होती.

नगर-जामखेड रस्त्याची गंमत अशी, की नगरहून नगर जिल्ह्यातच जायचं तर मधे बीड जिल्हा ओलांडावा लागतो. चिचोंडी पाटील मागं पडलं की कडा येतं, आष्टी येते, ही दोन्ही बीडची, आणि मग जामखेडला पुन्हा आपण आपल्या जिल्ह्यात. आष्टीची पाटी दिसताच साडू सावरून बसले. “बापू गोखले! १८१८!” बापू गोखल्यांच्या लढाईची ती आष्टी सोलापूरकडची, मोहोळजवळची, हे मला ठाऊक होतं, पण साडूंना थेट सांगायचं नसतं, बायकोकडून सांगायचं असतं. तिनं सांगितलं. साडूंनी “तेच म्हणतोय मी” असं म्हणून काच खाली केली.

साडूंना पोचायची घाई, मला थांबायची. रस्त्याकडेच्या टपरीवर स्टो भरभरतोय, आल्याचा तुकडा पक्कडीत चेचला जातोय, आणि चहावाला आपल्याकडं न बघता ‘किती?’ म्हणून नुसती मान उडवतोय, हे सोडून पुढं जावं असं मला कधी वाटलेलं नाही. कड्याला थांबलो, जामखेडला थांबलो. जामखेडला भजी नुकती घाण्यातून निघत होती, तिथं न थांबणं म्हणजे भज्यांचा अपमान. साडू घड्याळ पाहत उभे होते. प्लेट मात्र त्यांनीच पहिली संपवली.

खर्ड्याचा किल्ला शोधावा लागत नाही. २०२१च्या दसऱ्याला तिथं ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारलाय, तो लांबूनच दिसायला लागतो. किल्ला डोंगरी नाही, भुईकोट. चौकोनी, घडीव दगडांचा, बुरूज जाडजूड, भोवती खंदक. निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधला. चढण नाही, दम लागणं नाही, गुडघ्यांची तक्रार नाही. चाळिशी उलटलेल्यांसाठीच जणू बांधून घेतलेला. ताईंनी तटाच्या सावलीत सतरंजी टाकली आणि साडूंनी घसा साफ केला.

“११ मार्च १७९५. एकीकडं हैदराबादचा निजाम अली. दुसरीकडं सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले. दोन्हीकडचं मिळून दोन लाखांवर माणूस! सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली आले ते हे शेवटचे.”

“शेवटचे का?” हिनं विचारलं.

“त्यानंतर जमलं नाही.”

“आमच्याकडं आज्जीच्या वर्षश्राद्धापासून तेच झालंय,” ताई म्हणाल्या आणि दशमी पुढं केली.

साडू सांगत होते ते बरंचसं ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासातलं. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क. मोहिमेआधी त्याची फुशारकी अशी, की पेशव्याला लंगोटी नेसवून, हातात तांब्या देऊन काशीला धाडतो. निजाम निघाला तोही थाटात, जनानखान्यासकट. त्याच्या पदरी रेमाँ नावाचा फ्रेंच सरदार, त्याच्या कवायती पलटणी, तोफा. मदतीला इंग्रज येतील अशी आशा होती, पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यानं हात वर केले. लढाई जुंपली. तोफांचे आवाज ऐकून निजामाची लाडकी बेगम घाबरली आणि तिनं धमकी दिली, की आत्ताच्या आत्ता मागं फिरला नाहीत तर मी पडदा सोडून चारचौघांत उभी राहीन. निजाम मागं फिरला.

“बाई एकटीच शहाणी होती म्हणायची,” ताई म्हणाल्या. “पण मी म्हणते, लढाईला बायकांना नेलंच कशाला?”

साडूंनी माझ्याकडं पाहिलं. मी लोणच्याकडं पाहिलं.

मला आवडतं ते याच्या पुढचं. रात्र पडली, दोन्ही फौजा दमून पडलेल्या. मराठ्यांची एक छोटी टोळी आपल्या घोड्यांना पाणी पाजायला निघाली. अंधारात ओढ्याकाठी पोचली तर तिथं निजामाचे लोक. त्यांनी गोळ्या झाडल्या. ते ऐकून रेमाँच्या पहारेकऱ्यांनी झाडल्या. मग भरल्या बंदुका उशाशी घेऊन झोपलेली त्याची सगळी रांग दचकून उठली आणि दिसेल तिकडं बार काढू लागली. समोर कुणी नव्हतंच. पण त्या आवाजानं छावणीत असा गोंधळ उडाला, की निजाम घाईघाईनं या खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, त्याची बरीचशी फौज पांगली, आणि सकाळी मराठ्यांनी पाहिलं तर मैदान मोकळं. दोनशे वर्षं आपण या विजयाचं श्रेय कधी नानांच्या मुत्सद्देगिरीला देतो, कधी परशुरामभाऊंच्या शौर्याला. त्यात खोटं काही नाही. पण तहानलेल्या त्या चार घोड्यांचं नाव कुणी घेत नाही, हे मला फार लागतं.

“चार म्हणजे? आकडा कुठं दिलाय?” साडू.

“अंदाजे,” मी म्हणालो.

मग कोंडलेल्या निजामाकडचं अन्नपाणी तुटलं. दोन दिवस वेढा, वरून तोफा, मार्चचं ऊन आणि आत पाण्याचे हाल. शेवटी दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख आणि कोट्यवधी रुपये कबूल करून तो सुटला. पेशव्याला तांब्या देऊन काशीला धाडणारा मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली झाला आणि ओलीस म्हणून पुण्याला गेला.

सगळी छावणी विजयाच्या नशेत असताना एकटे सवाई माधवराव खिन्न होते म्हणतात. वय अवघं वीस. नानांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, की एकानं इतकी लाजिरवाणी शरणागती पत्करावी आणि आपल्या लोकांनी हातपाय न हलवता मिळालेल्या जयाच्या बढाया माराव्यात, दोन्हींत ऱ्हासच दिसतो.

“प्रत्येक सहलीत असा एक असतोच,” ही म्हणाली, “सगळे मजेत असताना तोंड पाडून बसणारा.” आणि तिघांनीही माझ्याकडं पाहिलं. मी नुसता विचार करत होतो, की त्या वीस वर्षांच्या पोराचं म्हणणं किती खरं होतं. सात महिन्यांनी तो शनिवारवाड्यात वरून पडून गेला, आणि तो एका झेंड्याचा सोहळाही त्याच्यामागोमाग. पण हे बोललो असतो तर पंगत मोडली असती. मी आणखी एक धपाटं घेतलं.

किल्ल्याच्या आत मशीद आहे, विहीर आहे. विहिरीत डोकावताना साडूंनी मोठ्या गंभीरपणे विचारलं, की या विहिरीला तेव्हा पाणी होतं का. याचं उत्तर आम्हाला दुपारी मिळालं.

साडूंच्या मित्राच्या मावशींचं शेत गावापासून जवळच. काळी जमीन, त्यात उभी ज्वारी, बांधावर बोरी. आम्ही पोचलो तेव्हा आगटी पेटून निवत आली होती. गोवऱ्यांचे निखारे राखेआड लाल. कोवळी कणसं त्यात खुपसायची, फिरवायची, आणि टपटप आवाज थांबायच्या आत काढायची. मग मावशी ते धगधगतं कणीस तळहातावर घेऊन असं रगडायच्या, जणू हातांना भाजणं माहीतच नाही. एक फुंकर, कोंडा उडाला, मूठभर हिरवे मऊ दाणे सुपात. साडूंनीही एक कणीस घेतलं. ते त्यांनी इतक्या वेळा या हातातून त्या हातात उडवलं, की शेजारचं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

“लाजताय का ओ पाव्हणं? खा की!” मावशी म्हणाल्या. गूळ होता, गोडी शेव होती, दही होतं. हुरड्याचा पहिला घास तोंडात गेला की माणूस बोलायचा थांबतो. दुधाळ, गरम, किंचित धुरकट. त्यावर लसणाची चटणी, मग गुळाचा खडा, मग पुन्हा नुसता हुरडा. पोट भरल्याचं कळतं ते उठायला लागल्यावर.

तरी चूल पेटलीच. भाकरी थापतानाच मावशींनी तव्यावर हिरव्या मिरच्या टाकल्या, लसूण टाकला, शेंगदाणे टाकले. ठसक्यानं सगळे बांधापर्यंत पळालो. मग मीठ घालून त्यांनी शेजारचा तांब्या उचलला आणि त्याच्या बुडानं तव्यातच सगळं रगडून काढलं. ते ताटात आलं. हिरवंगार, भरड, तेलाची धार सोडलेलं. चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. विनोद चौघांच्या ओठांवर येऊन उभा होता. कुणीही बोललं नाही. माना खाली घालून जेवलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चहाचे पैसे वाचले.

साडूंना निजाम आठवला. पाण्यावाचून त्याचे इथं किती हाल झाले, हे त्यांनी मावशींना रंगवून सांगितलं. मावशींनी भाकरी उलटली.

“त्यो दोन दिवस तहानला तर एवढं बुक लिवलं व्हय? हितं दर उन्हाळ्याला टँकरची वाट बघतो आम्ही. आमचं कोण लिवतंय?”

साडूंना तारीख सुचेना.

परतताना कुंथलगिरीला जायचंच होतं. जिल्हा बदलतो, पण खर्ड्याहून ते जवळ. टेकडीवर जैनांचं सिद्धक्षेत्र. देशभूषण आणि कुलभूषण मुनी इथं मोक्षाला गेले अशी श्रद्धा. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली अन्नत्याग करून सल्लेखना घेतली ती इथंच. वर गेलं की माणूस आपोआप हळू बोलतो. मीसुद्धा मनाशी म्हटलं, की आता आठवडाभर एकच वेळ जेवायचं. हा निश्चय पायऱ्या उतरेपर्यंत टिकला. कारण खाली पेढे. भूम, वाशी, हा सगळा मुलूख खव्याचा. दूध आटवायच्या भट्ट्या गावोगावी. त्या खव्याच्या खमंग वासातून कोरडं निघून जायला मुनीच व्हावं लागतं.

पहिल्या दुकानात चवीला एक पेढा हातावर ठेवला. साडूंनी डोळे मिटले. “छान. पण एका साधनावर विसंबून इतिहास लिहायचा नसतो.” दुसऱ्या दुकानात गेलो. तिथला जरा जास्त भाजलेला. “हे साधन समकालीन वाटतं,” साडू म्हणाले. तिसऱ्या दुकानात त्यांनी दोन घेतले, पडताळणीसाठी. दोघी बहिणी आता गाडीपाशी उभ्या राहून हाका मारत होत्या. चौथ्या दुकानदारानं आम्हाला रस्ता ओलांडताना पाहिलं, परातीवर फडकं ओढलं, वजनकाट्यावर कागद टाकला आणि साडूंकडं बघत विचारलं,

“चव राहू द्या. किलो बांधू का दोन?”